पालथं फुलपात्र

शुक्रवारी सकाळी संदेशचा फोन आला तेव्हा मी घासलेली भांडी फळीवर लावत होते. "काकू, भाई गेले," एवढंच तो बोलला. फोन कानाला तसाच धरून मी फुलपात्री एकात एक घालत राहिले. सहाच्या संचातली पाचच होती. सहावं कुठे आहे हे मला ठाऊक होतं, त्याच्याखाली काय झाकलंय हेही ठाऊक होतं, आणि आता ते उचलायचं कोणी, हा विचार पहिल्यांदा मनात आला. माणूस गेल्याचं ऐकून आधी भांडं आठवावं, हे काही बरं नव्हे... पण आठवलं खरं.

इक्बालभाईंना पनवेलच्या बाजारात लोक ओळखत ते पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणारे म्हणून. तरुणपणी ते आखातात नोकरीला होते. तिथे सुट्टीच्या दिवशी खोलीतल्या फिलिपिनो सोबत्यांकडून गोष्टी सांगत, फासे टाकत खेळायचे खेळ शिकले आणि परत येताना लोक सोनं आणतात तसे खेळांचे खोके घेऊन आले. खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीची, ऑफिसच्या मागची खोली त्यांनी रविवार दुपारसाठी मागितली तेव्हा सेक्रेटरी मी होते. 'बैठे खेळ' असं त्यांनी सांगितलं होतं, मला वाटलं कॅरम असेल. पहिल्याच रविवारी तिथून "मारला, मारला" असा गलका ऐकू आला, तशी मी पदर खोचून भांडायला गेले. बघते तर चांगली नोकरीधंद्याची माणसं एका नकाशाभोवती बसलेली, मिशीवाले बाप्येसुद्धा. इक्बालभाई उठून उभे राहिले. "माफ करा ताई, राक्षस होता, मेला. आता आवाज नाय होणार." मग खुर्ची पुढे करत म्हणाले, "आता नदी आलीय आडवी. पार कशी करायची ते यांना कळत नाय. तुमी असता तर काय केलं असतं?" मी म्हटलं, होडीवाल्याला विचारलं असतं. "घ्या," ते बाकीच्यांना म्हणाले, "इतके वीर बसलेत, कोणाला सुचलं नाय." त्या दिवशी बसले ती मी अजून तिथे बसतेच आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि जिथे अडेल तिथे फासा टाकायचा. वीस बाजूंचा फासा. वीस पडले तर गंगेत घोडं न्हालं, एक पडला तर सगळंच मुसळ केरात. आमची गोष्ट इक्बालभाई सांगत, आणि ती वर्षानुवर्षं चालली होती. तिच्यात पाताळगंगेसारखी नदी होती, आपट्यासारखं काठावरचं गाव होतं, डोंगर तर आमच्या खिडकीतून दिसतात तेच होते. काही मोठं ठरायचं असलं की पडलेल्या फाशावर ते लगेच फुलपात्र पालथं घालत. "फाशाचं काम झालं, आता माझं," म्हणत, आणि चहा होईपर्यंत गप्प बसत. मग सावकाश गोष्ट सांगत आणि सांगून झाल्यावरच फुलपात्र उचलत. तोवर त्याला कोणी हात लावायचा नाही. पिण्याच्या पाण्याचं खातं पहिल्या रविवारपासून माझ्याकडे आलं होतं, त्यामुळे ही फुलपात्रीही माझ्याच घरची.

वर्षातून एकदा आम्ही कामाच्या माणसांचा सत्कार करायचो. कोणी टेबलं लावतं, कोणी नव्या माणसाला शिकवतं, चिरनेरचा संदेश बंदरातली नोकरी सांभाळून नकाशे काढतो, श्वेता फाशांसाठी पिशव्या शिवते. सुरुवातीला मी शाल-श्रीफळ सुचवलं होतं. इक्बालभाई हसले. "शाल घेऊन काय करणार ताई, पनवेलच्या उकाड्यात?" त्यांची रीत वेगळी. ज्याने काम केलं त्याचं नाव गोष्टीत घालायचं, आणि नाव सुचवणाऱ्याने त्याच्यासाठी फासा टाकायचा. नाव मिळेल, पण नशीब फाशाचं. माझ्या नावाची विहीर आली, आणि पडले दोन. "उन्हाळ्यात आटते," इक्बालभाईंनी जाहीर केलं, आणि त्यावरून आजतागायत मला चिडवतात. श्वेताच्या नावाचा पूल होता आणि तिच्यासाठी चक्क एक पडला. पोरगी रडवेली झाली. इक्बालभाईंनी फुलपात्र घातलं, चहा संपवला आणि सांगितलं की पूल कोसळला... तेव्हा त्याच्यावरून शत्रूची अख्खी फौज चालली होती. शहर वाचलं. श्वेता टेबलावर हात आपटून हसली. फासा त्यांनी कधी बदलला नाही, पण वाईट फाशाचंही ते काहीतरी करत. आम्हाला वाटायचं, हे सगळ्यांनाच जमत असेल.

स्वतःचं नाव मात्र ते घालू देत नसत. "सांगणारा आत गेला तर बाहेर कोण बसणार?" यंदा त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, ते दवाखान्यात भरती झाले, आणि आम्ही ठरवलं की आता त्यांना विचारायचंच नाही. त्या रविवारी संदेशने नाव सुचवलं. नदीवरचा होडीवाला इतकी वर्षं बिननावाचा होता. तो आजपासून इक्बाल तांडेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग रीतीप्रमाणे संदेशने फासा टाकला. ऑपरेशन दोन दिवसांवर आलेल्या माणसाच्या नावाने फासा टाकू नये, एवढी साधी गोष्ट त्या खोलीत एकाच्याही डोक्यात आली नाही. बाहेरच्या कोणाच्याही आली असती. आम्हाला रीत पाळायची होती.

एक पडला.

श्वेताने हात लांब करून त्याच्यावर फुलपात्र पालथं घातलं, जणू ते तिथे बसलेच आहेत आणि चहा पिऊन सांगणार आहेत.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. त्यांना काही सांगायचं नाही असं सगळ्यांनी बजावलं होतं. पण माझं तोंड म्हणजे उघडी खिडकी. त्यांनी विचारलं, "काल काय केलंत?" मी म्हटलं, काही नाही. "माझं नाव घातलंत ना? किती पडले?" मी पदराचं टोक चाळवत राहिले. तेव्हा ते इतके हसले की रुबीनाभाभी, त्यांची बायको, बाहेरून धावत आली. मी हात जोडले. म्हटलं, इक्बालभाई, गोष्ट तुमची आहे, तुम्ही म्हणालात तर पुन्हा टाकू. तो पोरगा संदेश कालपासून जेवला नाही. ते गंभीर झाले. "सगळ्यांचं पडलं ते खरं धरलं, ताई. माझंच खोटं कसं धरायचं?" मग म्हणाले, "त्याला बोला, जेव. एक पडला म्हणून तांडेल बुडालाच, असं कोण बोललं? मला ठाऊक हाय काय झालं ते." मी म्हटलं, मग सांगा ना. "आता नाय. गोष्ट बसून सांगायची असते. अशी आडवं पडून नाय सांगता येत. टाके सुकू देत."

मी तिथूनच संदेशला फोन केला आणि तो जेवला. ऑपरेशन ठीक झालं, असं डॉक्टर म्हणाले. अतिदक्षता विभागात कोणाला सोडत नव्हते. आणि शुक्रवारी सकाळी...

फाशाने माणूस मरत नाही हे मला कळतं. पुरुषमंडळी कबरस्तानात गेली, मी बायकांत रुबीनाभाभीजवळ बसले होते, तेव्हाही मनाला हेच समजावत होते. पण संदेशला कोण समजावणार? तो माती देऊन आला आणि दारातच उभा राहिला. "काकू, माझ्या हातानं पडला." मी म्हटलं, वेड्यासारखं बोलू नकोस. "मला ठाव हाय ओ, तसं काय नसतं. पन हात माझाच व्हता ना." त्याला सोडवू शकेल अशी एकच गोष्ट होती, आणि ती ज्यांना ठाऊक होती ते बसून सांगायचं म्हणून थांबले होते.

काही दिवसांनी धीर करून मी भाभीला विचारलंच. तांडेलाबद्दल काही बोलले होते का, नदीबद्दल, होडीबद्दल... तिने बराच वेळ आठवून पाहिलं. "नाय हो ताई. ऑपरेशनला नेताना मला बोलले, दुकानात एक मिक्सर तयार हाय, तो देऊन टाक. बस, तेवढंच. तुमचा खेळ मला कधी कळलाच नाय." मग तिनेच मला विचारलं, "का? तिथं पण त्यांचं काय झालं का?" मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आम्ही प्रयत्न केला नाही असं नाही. एका रविवारी श्वेता सांगायला बसली. तांडेल पोहत पलीकडे लागला, म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण संदेशने खाली घातलेली मान वर केली नाही, आणि श्वेताही पुढचं वाक्य शोधत राहिली. ती समजूत होती, गोष्ट नव्हती. इक्बालभाईंच्या तोंडून आली असती तर याच वाक्यावर आमचा विश्वास बसला असता का? कदाचित त्यांच्याकडे याहून फार मोठं काही नसेलही. पण ते आता कळायचं नाही, आणि मला याचा फार राग येतो. देवाचा की दवाखान्याचा की त्यांच्या त्या बसून सांगण्याच्या हट्टाचा, ते सांगता येत नाही.

रविवारी खोली अजून उघडते. दुसरे, छोटे खेळ चालतात. आमची मोठी गोष्ट नदीच्या अलीकडच्या काठावर थांबली आहे. सगळे वीर सामान बांधून उभे आहेत. टेबलाच्या त्या टोकाला फुलपात्र पालथंच आहे. झाडणारी बाई त्याच्याभोवतीनं फडकं फिरवते. संदेश येतो, नकाशे काढतो, पण त्या टोकाला पाठ करून बसतो.

गेल्या रविवारी एक नवीन मुलगी आली, कोणाची तरी मैत्रीण. उन्हातून आलेली. बाकीची फुलपात्री सगळ्यांच्या हातात होती. तिने साहजिकच पालथ्याकडे हात नेला आणि आम्ही सगळे एकदम "ते नको" म्हणालो. ती बिचारी घाबरली. "का? कोणाचं आहे?" तिने विचारलं. मी संदेशकडे पाहिलं. तो पहिल्यांदाच त्या टोकाकडे वळला होता. "त्याचं सांगायचं ऱ्हायलंय," तो म्हणाला.

मग तिला मी पाण्याची बाटलीच दिली.