भोपळ्याचा पहिला काप

"आज भांडायचं नाही," या अटीवर ताईनं मला भोपळ्याच्या शेतावर नेलं. मी हो म्हटलं. ते काही पाळलं गेलं नाही आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं, तीही सांगते.

गेल्या ऑक्टोबरमधला शनिवार. मी फ्रँकफर्टला शिकते. विद्यार्थ्यांच्या खोल्यांची भाडी वाढली की पत्रकं लिहिते आणि ट्रामच्या स्टॉपवर उभी राहून वाटते. पुण्याला कॉलेजात असतानाही हेच उद्योग होते, त्यामुळे घरात मी आले की "पत्रक आलं" असं म्हणायची पद्धत आहे. ताई शहराबाहेर राहते. तिचा नवरा, म्हणजे माझे जिजाजी, सॉफ्टवेअरमध्ये. त्यांची आठ वर्षांची मुलगी. आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आलेल्या ताईच्या सासूबाई. त्यांना मी काकू म्हणते.

जिजाजींनी फोनवर यादीच केली होती: आधी ट्रॅक्टरची फेरी, मग मक्याच्या शेतातला भुलभुलैया, मग भोपळ्याचं सूप, मग कोरकाम. "आलोच आहोत तर सगळं पुरेपूर करून जायचं," असं ते गाडीत तीनदा म्हणाले. ट्रॅक्टरची फेरी झाली आणि त्यांचा फोन वाजला. ऑफिसातली कुठलीशी सिस्टिम बंद पडली होती. "तुम्ही व्हा पुढे, मी पंधरा मिनिटांत आलो," असं सांगून ते लॅपटॉप घेऊन गाडीत जाऊन बसले. गाडी लांब, कापलेल्या शेतातल्या पार्किंगमध्ये.

भुलभुलैया झाला, सूपही झालं. काकूंनी सूप चाखून "फोडणी नाही, गूळ नाही, नुसतंच गरगट" असा निकाल दिला आणि दुसरी वाटी घेतली. तोवर सगळं छान चाललं होतं.

भाचीनं ढिगातून स्वतःचा भोपळा निवडला. एका बाजूनं पांढरट आणि गालावर मस असलेला. तिनं त्याला कोरकामाच्या तंबूपर्यंत हातगाडीवरून एकटीनं आणलं, टेबलावर चढवायला तेवढी माझी मदत घेतली. मग मार्करनं चेहरा काढला. तिरपे डोळे आणि तीन दात. तिचे स्वतःचे पुढचे दात पडलेत, म्हणून तीन. सहा वाजता सगळ्या मुलांचे कोरलेले भोपळे गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंतीवर मांडून आत दिवे लावणार होते. तिला आपला अगदी वरच्या रांगेत हवा होता. जागासुद्धा हेरून ठेवली होती. घड्याळात साडेचार वाजले होते.

टेबलावर छोटी करवतीसारखी सुरी होती. पोरीनं ती उचलली आणि काकू म्हणाल्या, "थांब गं. बाबा येऊ दे."

"का?" मी विचारलं. का ते मला माहीत होतं. तरी विचारलं.

"आपल्यात बाईमाणसानं आख्खा भोपळा फोडू नये. कोहळ्यासारखंच आहे ते, बळीचं फळ. पहिला काप पुरुषाचा. पुढचं मग कोणी का करेना."

मी ताईकडे पाहिलं. ऑटोबानवर एकशेसाठनं गाडी हाणणारी माझी ताई. प्रयोगशाळेत रोज ॲसिडच्या बाटल्या हाताळणारी. ती म्हणाली, "येतीलच ते. पंधरा मिनिटांनी काय होतंय?"

ती पंधरा मिनिटं पाच वाजून गेले तरी संपली नाहीत. शेजारच्या टेबलांवरची पोरं कोपरापर्यंत भोपळ्याच्या गरात बुडाली होती. त्यातल्या निम्म्या तर मुलीच. आमची पोर मात्र सुरी मांडीवर ठेवून बसलेली. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते जर्मन. दर दोन मिनिटांनी "वान डेन?" म्हणजे "पण कधी?" आणि ताई जिजाजींना फोन लावायची. उत्तर एकच: "बस, झालंच."

तंबूवर देखरेख करणारी एक पन्नाशीची बाई होती. रबरी बूट, कमरेला जाड ॲप्रन. ती येऊन म्हणाली, साल टणक आहे का, वरचं झाकण मी कापून देऊ? ताईनं काकूंना सांगितलं. काकू हळूच म्हणाल्या, "तीही बाईच ना गं. तिला म्हणावं, मालकांना बोलव."

ताईनं खरंच तसं विचारलं. जर्मनमध्ये. माझ्या सख्ख्या बहिणीनं.

"मालक?" ती बाई हसली. "मालकीण मीच आहे." एवढ्या शेतात पेरते ती, राखते ती, देठ कापून ढीग रचते तीही तीच. आणि आमच्या घराण्याच्या कायद्यात तिचा हात चालत नव्हता! तिला "नको, धन्यवाद" म्हणून परत पाठवलं.

मग काकूंची नजर शेजारच्या टेबलावर गेली. तिथं एक दाढीवाला बाप बिअरची बाटली बाजूला ठेवून आपल्या पोरांना मदत करत होता. "त्यांना विचार ना," काकू ताईला म्हणाल्या, "एकच काप द्या म्हणावं."

झालं. माझा ताबा सुटला. मी उभी राहिले आणि सुरू केलं. ज्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, तो बाप्या चालतो आणि पोरीची आई चालत नाही? ही कसली पवित्रता? घरातला प्रत्येक भोपळा सोलायचा बाईनं, चिरायचा बाईनं, शिजवायचा बाईनं, आणि मान तेवढा पुरुषाचा? दाढीवाल्याला मराठीतलं काही कळलं नाही, पण त्यानं बाटली थोडी जवळ ओढून घेतली.

"तुझं पत्रक घरी वाच," ताई दातओठ खात म्हणाली. "त्यांचे चार दिवस राहिलेत. मला शांतपणे काढू दे."

"आल्झो, म्हणजे तुझी शांतता राहावी म्हणून हिनं वाट बघायची?"

"तू गप्प बसशील का?"

मी गप्प बसले. भाचीच्या मांडीवरची सुरी उचलली आणि भोपळ्यात खुपसली. दोन्ही हातांनी, अंगातला सगळा राग काढून. सुरी आत गेली, मी ती ओढली आणि भोपळा वरपासून खालपर्यंत तडकला. चीर बरोबर डाव्या डोळ्यातून गेली.

"नाइन!" म्हणजे "नाही!" असं पोरगी ओरडली. आणि मग दिवसभरात पहिल्यांदा मराठीत, "मावशी, तो माझा होता! मी करणार होते!"

ती रडत तंबूबाहेर पळाली. ताई माझ्याकडे अशा नजरेनं बघून गेली की ती नजर मी पुन्हा आठवू इच्छित नाही. वाईट वाटतं ते याचं. पाऊण तास तिथं कुणाचा हात चालतो यावरून भांडण चाललं होतं आणि ज्या हातात सुरी होती त्या हाताला कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. वर मी ती हिसकावून घेतली.

टेबलाशी मी आणि काकू उरलो. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. काकूंनी फुटलेले दोन तुकडे जवळ ओढले, बोटानं बिया बाजूला केल्या.

"पोरीचे आजोबा गेले," त्या म्हणाल्या, "तेव्हापासून मी घरात आख्खा भोपळा आणलेला नाही. कापणार कोण? मंडईतून फोड आणते. घारगे फार आवडायचे त्यांना. फोडीत घारगे कितीसे होणार?"

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, नियम म्हणून सांगितलं. माझं डोकं पुन्हा फिरलं. स्वतःचं घर, स्वतःची सुरी, स्वतःचा स्वयंपाक, आणि इतकी वर्षं फोड! पण या वेळी ओरडायचं कुणावर? त्यांच्यावर?

साडेपाच वाजता भाची परत आली. डोळे लाल, काखेत दुसरा भोपळा, पहिल्याच्या निम्मा. मागे ताई, आणि तिच्या मागे एकदाचे जिजाजी.

"अजून कापला नाही?" जिजाजी म्हणाले. "माझ्यासाठी थांबलात? काहीतरीच! मी कुठं मानतो असलं?"

"मानत नाही?" मी म्हटलं. "मग काकू इकडे आल्या की दर वेळी पहिला काप कोण देतं?"

"अगं, आई हाक मारते म्हणून. एक सेकंदाचं काम."

"एवढ्या वर्षांत एकदा तरी म्हणालात, आई, मी मानत नाही, तूच काप?"

"तुझं आपलं प्रत्येक गोष्टीत..." असं म्हणत त्यांनी सुरीकडे हात नेला. खरंच नेला! मानत नसलेला माणूस, पण हात आपोआप पुढे. त्या दिवशीचा माझा खरा राग काकूंवर नव्हताच, या हातावर होता.

"पापा, नाइन," भाचीनं सुरी आधीच घट्ट धरली होती. "मी."

तिनं सुरी टेकवली तर भोपळा गडगडला. पुन्हा टेकवली, पुन्हा घसरला. कुणी पुढे होईना. मी तर माझे हात पाठीमागेच बांधून घेतले होते.

"घसरेल गं, बोट कापेल," काकू पुटपुटल्या. आणि त्यांनी दोन्ही तळहातांनी भोपळा दाबून धरला. मान वळवून दूर ट्रॅक्टरकडे बघत राहिल्या. सुरी करकर करत आत शिरेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. मग वळवली आणि म्हणाल्या, "जरा तिरकी धर. झाकण आत पडेल नाहीतर."

वेळ कमी होता, दात दोनच झाले. वरची रांग भरून गेली होती, खालच्या रांगेत कोपऱ्यात जागा मिळाली. दिवे लागले तेव्हा भाचीनं आमच्यापैकी कुणाचाही हात धरला नाही. माझ्याशी ती पुढे दोन रविवार बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं. काकूंनी बिया कागदी रुमालात बांधून पर्समध्ये टाकल्या. मी फोडलेला भोपळा माझ्या मांडीवर घरी आला आणि ताईनं त्याची भाजी मला आठवडाभर पुरेल इतकी डब्यात दिली.

काकू पुण्याला परतल्यावर महिन्याभरानं मी फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलंच, "काकू, भोपळा आणला का? आख्खा?"

"नाही गं, फोडच आणली."

मी ओठ चावला.

"आख्खा उन्हाळ्यात आणीन," त्या म्हणाल्या. "सुट्टीला नात येईल ना. ती कापेल. घारगे करीन मग."

म्हणजे अजूनही दुसऱ्याच्याच हाताची वाट! मला राग आला, फोनवरच आला. तो गिळून मी एवढंच विचारलं, "धरणार कोण?"

"मीच की," काकू म्हणाल्या. "तू लांब बस."