अम्मीचं गाणं आणि आपाचे उंदीर

माझी थोरली बहीण नुजहत, आमची आपा, मेंदूची शास्त्रज्ञ आहे. बंगलोरच्या एका प्रयोगशाळेत ती उंदरांना लिथियम नावाचं औषध खाऊ घालते आणि त्यांच्या मेंदूत काय बदलतं ते पाहते. भोरातले लोक मात्र मला अजून विचारतात, "काय वसीम, आपाचा दवाखाना कसा चाललाय?" सांगून सांगून मी दमलो. शिवऱ्याला हायवेवर माझं टायरचं दुकान आहे. हल्ली "बरा चाललाय" म्हणतो आणि पंक्चर काढायला लागतो.

ती या वाटेला लागली अम्मीमुळे. आमची अम्मी, खुर्शिदा, हळदीची गाणी म्हणायची. उत्रोलीपासून पार राजगडाखालच्या पालीपर्यंत कुणाकडेही हळद असली की तिला बोलावणं यायचं. तिनं ढोलकी मांडीवर घेतली की बायका हातातलं काम टाकून बसायच्या. पण अधूनमधून ते गाणं थांबायचंच नाही. झोप नाही, जेवण नाही, घरातली भांडी लोकांना वाटत सुटायची. मग महिनोन्महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एकदा तिनं विहिरीची वाट धरली, तेव्हा अब्बांनी तिला पुण्याला डॉक्टरांकडे नेलं. त्र्याण्णव साली लिथियम सुरू झालं आणि अम्मी वाचली. रांधू लागली, शेजारणींशी बोलू लागली. गाणं तेवढं गेलं.

"पाठ हाय समदं," ती म्हणायची, "पर म्हनावंसं वाटत न्हाई."

आपा तेव्हा कॉलेजात होती. आजार जावा आणि गाणं राहावं, असं औषध निघालंच पाहिजे, हे तिनं मनाशी धरलं. पुण्यात शिकली, बंगलोरला पीएच.डी. केली, तिथंच राहिली. सुट्टीत आली की अम्मीला समजावून सांगायची, "मेंदूतल्या पेशीला रिसेप्टर असतात. दाराच्या कडीसारखे. बाहेरून निरोप आला की कडी वाजते. लिथियम कडीला हात लावत न्हाई, आतली धावपळ कमी करतं."

अम्मी तांदूळ निवडत ऐकायची. एकदा म्हणाली, "मंजी कडी वाजती, पर आतनं कुनी येत न्हाई. व्हय, माजं तसंच हाय."

आपा त्या दिवशी जेवली नाही.

पुढे तिचे शोधनिबंध छापून आले, परदेशात जाऊन ती भाषणं देऊन आली. लग्नाचा विषय काढला की उंदरांचं निमित्त सांगायची. तिला हवं होतं ते मात्र सापडेना. उंदीर कुठं गातात, असं मी एकदा चेष्टेत म्हणालो, तर ती हसली नाही.

दोन हजार सहा साली माझं लग्न ठरलं. तेव्हाच अम्मीच्या रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडावर ताण दिसला आणि डॉक्टरांनी लिथियम निम्म्यावर आणलं. लग्नाला आठवडा असताना, आपा घरी आलेली असताना, एका सकाळी अम्मी ओट्यापाशी गायला लागली. तोच जुना आवाज. अब्बा अंगणात उभेच राहिले. मला रडू आलं, कशाला लपवू. दोन दिवस आमच्या घरात नुसतं गाणं होतं. तिसऱ्या दिवशी अम्मीनं माझ्या संसाराची नवी भांडी आळीत वाटून टाकली. झोपली तर नव्हतीच.

आपानं डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी जोडीला दुसरी गोळी सांगितली आणि आजच सुरू करा म्हणाले.

मी भडकलो. "लगीन होऊ दे की. तुला तरी जन्मभर दुसरं काय पायजे व्हतं?"

"हेच पायजे व्हतं," आपा म्हणाली. "पानी आन, वसीम."

अम्मीनं गोळी तळहातावर घेतली. "येक म्हनू दे, मग घेते."

आपा तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि गाणं संपेपर्यंत जागची हलली नाही. मग अम्मीनं मुकाट्यानं गोळी घेतली.

हळदीपर्यंत अम्मी शांत झाली, जरा सुस्तच. बायकांनी ढोलकी तिच्यापुढे सरकवली, तिनं ती हळूच बाजूला केली. तेव्हा आपा पुढे झाली, ढोलकी ओढून घेतली आणि गायला लागली. आपा म्हणजे ठार बेसूर. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. शब्द मात्र तिचा एकही चुकला नाही.

माझ्या गालाला हळद लावता लावता अम्मी तिच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "हिला शिकवायचं राहूनच गेलं रं."