लाकडी गाढवापुढे गुडघे

आमच्या ओटिलिया मावशीसारखी भांडखोर बाई या सरोवराच्या दोन्ही काठांवर दुसरी झाली नाही, आणि हे मी तिची सख्खी भाची म्हणून अभिमानाने सांगते. नवरा गेल्यावर गाड्यांची चाकं करायचा त्याचा कारखाना तिने एकटीने चालवला. चाकावर लोखंडी धाव चढवताना चार गडी ओरडत असायचे, पण गल्लीच्या टोकाला ऐकू यायचा तो मावशीचा आवाज.

नवा धर्म आमच्या गावात कुणी आणला, असं विचारलं की शिकलेली माणसं झुरिकच्या धर्मपंडितांचं नाव घेतात. घेऊ देत. आमच्या गल्लीत तो मावशीने आणला, आणि तोही रागाच्या भरात.

झालं असं, की प्लेगच्या वर्षी तिचा उली गेला. एकुलता एक, सहा वर्षांचा. पुढे पापक्षमेची पत्रं विकणारा एक साधू बाजारात आला. म्हणाला, पोर मेल्यावर पापं जाळणाऱ्या शुद्धीच्या आगीत तळमळतंय, पत्र घे म्हणजे सुटेल. मावशीने गळ्यातली चांदीची साखळी तिथल्या तिथे काढून दिली. पत्र लॅटिनमध्ये होतं. मावशीला आपली भाषाही वाचता येत नव्हती, तिने ते उशाखाली ठेवलं.

हिवाळ्यात गल्लीतल्या बायका सूत कातायला आमच्याकडे जमायच्या. मला वाचता यायचं, म्हणून कातण्यातून सुटका होती. त्याऐवजी मी फेरीवाल्याकडून आलेली छापील चोपडी वाचून दाखवायची. एक दिवस त्या पत्रांबद्दलचीच चोपडी निघाली. मावशीच्या हातातली चाती थांबली.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हणजे त्या कागदाने काहीच होत नाही?"

"इथे तसंच लिहिलंय, मावशी. देव माफ करतो ते फुकट, असं म्हणतोय हा."

"आणि सहा वर्षांच्या पोराला माफ करायचं तरी काय होतं? त्या क्रिस्पिन चांभाराची चार सफरचंदं खाल्ली, तीसुद्धा आंबट. त्याला आग?"

घरी जाऊन तिने पत्र चुलीत घातलं आणि त्यावर सूप उकळलं. दुसऱ्या दिवसापासून ती नव्या मताची. नवा उपदेशक योस, आमच्याच गावच्या भटारखान्यातला पोरगा, बाहेर शिकून आला आणि आपल्या भाषेत बोलायला लागला, तेव्हा पहिल्या ओळीत मावशी. मागे कुणी कुजबुजलं की वळून अशी बघायची, की त्याची वाचाच बसायची. देवळातल्या मूर्ती काढा, असं लोक म्हणायला लागले, तर सगळ्यांत मोठा गळा तिचाच.

शेवटी नगरसभेचा हुकूम निघाला. ज्यांच्या घराण्याने मूर्ती दिली असेल, त्यांनी आठ दिवसांत घरी न्यावी. उरेल ते चौकात जाळणार. यादी वाचून दाखवली. मावशी मान डोलावत ऐकत होती. शेवटून दुसरं नाव आलं, ते झावळ्यांच्या रविवारच्या गाढवाचं. मावशीच्या तोंडचं पाणीच पळालं.

हे गाढव लाकडाचं, खऱ्याएवढं, चाकांच्या पाटावर उभं. पाठीवर प्रभूची मूर्ती. प्रभू गाढवावरून शहरात आले आणि लोकांनी झावळ्या हलवल्या, त्याची आठवण म्हणून त्या रविवारी खाटीक लोक ते गावभर ओढायचे, आणि दुपारी पोरांना प्रभूच्या मागे बसायची मुभा असायची. बसलेलं प्रत्येक पोर पोटाखाली चाकूने आपली खूण कोरायचं. खाटकाचं पोर सुरा, कोळ्याचं मासा. आमचा उली शेवटचा घराबाहेर पडला तो त्या गाढवावर बसायलाच.

"आता काय करशील?" मी विचारलं.

"भांडीन," मावशी म्हणाली. "दुसरं येतं काय मला?"

दुसऱ्या दिवशी ती सभेपुढे उभी. "पंच, हुकूम काय आहे तुमचा? ज्याची पूजा होते ते जाळायचं. बरोबर?"

"बरोबर."

"मग या गाढवाची पूजा ज्यांनी केली असेल त्यांनी हात वर करा."

कुणी कशाला करतंय. एक म्हातारे पंच मिशीत हसायला लागले.

"वरची मूर्ती खाटकांनी दिलेली. ती ते नेतील, नाहीतर तुम्ही जाळा, मी आडवी येत नाही. पण खालचा पाट आणि चाकं माझ्या सुतार बापाने दिलीत. ती मी नेणार. आता बापाने गाढवाचे खूर पाटाला खुंट्यांनी ठोकून ठेवलेत, त्याला मी काय करू?"

सभा हसली. योस हसला नाही; नवा उपदेशक हसत नसतोच. म्हणाला, "न्या, ओटिलियाबाई. पण या गाढवापुढे कुणीही गुडघे टेकलेले दिसले, तर त्याच दिवशी ते जाळात जाईल."

"चालेल," मावशी म्हणाली.

दोन वर्षं गाढव कारखान्यात सुखाने राहिलं. खोगिराच्या जागी गडी डगले टाकायचे, गल्लीतली पोरं चढायची. मग झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी योस दारात हजर, मागे क्रिस्पिन चांभार. सफरचंदवाला हाच.

"मी डोळ्यांनी पाहिलं," क्रिस्पिन म्हणाला. "गाढवापुढे गुडघ्यांवर होती ही. डोकं पार खाली."

"खरं आहे?" योसने विचारलं.

"खरं आहे. दरवर्षी या दिवशी टेकते," मावशी म्हणाली. "चाकांना वंगण घालते. चाकाची आस खाली असते, बाबा. मी काय आढ्याला लटकून घालू?"

"वाकून घालता येईल की."

"मग घालून दाखव तू."

तिने डुकराच्या चरबीचं भांडं त्याच्या हातात दिलं. योस वाकला, तर कपाळ गाढवाच्या हनुवटीवर आपटलं. बाजूने वाकला, काळा झगा चाकाखाली अडकला. मग एक गुडघा गेला, मग दुसरा, मग डोकं पोटाखाली दिसेनासं झालं. आणि तो तिथेच राहिला. क्रिस्पिन माझ्याकडे बघतोय, मी मावशीकडे.

"हे कोरलेलं पावाचं वेटोळं माझं आहे," खालून आवाज आला. "भटारखान्यातला मी एकटाच होतो."

"माहीत आहे. तुझ्या आईने चाकू माझ्याकडूनच नेला होता."

"आणि हे शेजारचं चाक?"

"चार आरे आहेत ना? उलीचं. पाचवा काढ म्हटलं, तर म्हणाला चाकू बोथट आहे." मावशीचा आवाज पहिल्यांदा खाली आला. चाती थांबली त्या दिवसापासून मनात ठेवलेलं तिने आत्ता विचारलं. "योस, तुम्ही शिकलेले लोक एवढं बोलता. पोर आगीत नाही ना रे?"

"नाही, काकू," योस गाढवाखालून म्हणाला. लहानपणी तो तिला काकूच म्हणायचा. "नव्हताच. एक दिवससुद्धा नव्हता."

मावशीने कामाच्या फडक्याने तोंड पुसलं, गाढवाचं नाकही पुसलं.

"क्रिस्पिन, ते भांडं जरा आत सरकव," योस म्हणाला, आणि क्रिस्पिनला गुडघे टेकावेच लागले.

"मागच्या चाकालाही घाला रे दोघं," मावशी म्हणाली, "ते फार करकरतं."