पीक: काही नाही

सॉफ्टवेअरवाल्यांकडे सांगण्यासारखं काही नसतं, असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत होतं. मग कॉव्हेंट्रीत मला इंग्लंडच्या शेती अनुदानाचं काम मिळालं. शेतांचे नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचे आणि शेतकऱ्यांचे अर्ज त्यांच्याशी ताडून बघायचे, एवढंच. पण किस्से इतके साठले की आता सासूबाईच पाहुण्यांना म्हणतात, "हिला ते शेतीचं विचारा!"

*

आमच्या टीममध्ये नागपूरचा विनोद होता. पहिल्याच आठवड्यात त्याने मोठ्या अभिमानाने एक बग पकडला. अर्जात लिहिलेलं, 'पीक: काही नाही', आणि खाली सिस्टिमने अनुदान मंजूर केलेलं!

त्याने तो लाल शेरा मारून आमच्या मॅनेजरला, मार्गारेटला पाठवला. तिचं उत्तर आलं, "हा बग नाही. ही पॉलिसी आहे."

धान्य गरजेपेक्षा जास्त पिकू नये म्हणून थोडी जमीन पडीक ठेवायची, आणि त्याचेही पैसे! विनोद खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "अबे, माझ्या काकाची अर्धी जमीन तर फुकटच पडीक राहिली ना!"

*

एकदा विमानातून काढलेल्या फोटोत उभ्या गव्हामध्ये चौकोनी टकलं दिसली. मी शेतकऱ्याला फोन लावला. मिस्टर प्रॉबर्ट, वय ऐंशीच्या घरात, हिअरफर्डशरमध्ये एकटेच राहायचे.

"तुमचं पेरणीचं मशीन बिघडलं होतं का?"

"छे हो! चंडोल पक्ष्यांना उतरायला जागा सोडलीय. सरकारच सांगतं तसं."

गव्हात पक्ष्यांसाठी धावपट्टी! फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ तो फोटोच बघत बसले.

*

इथे प्रत्येक गाईला पासपोर्ट लागतो, त्याशिवाय ती बाजारात जाऊच शकत नाही. म्हणजे ताटातल्या मांसाच्या तुकड्याचा पत्ता थेट गोठ्यापर्यंत लागतो. मी तर हात जोडले. विनोदचा स्वतःचा पासपोर्ट मात्र तेव्हा व्हिसाच्या मुदतवाढीसाठी गेलेला होता.

"वासरू जन्मून महिना नाही झाला, त्याचा आलाबी! मीच काऊन लटकलो बे?"

*

मी सांगलीकडची. साखर म्हटली की ऊस, दुसरं काही डोक्यातच येत नाही. इथे ती बीटापासूनही करतात, हे मला नकाशावरच्या गुलाबी शेतांनी शिकवलं.

मग ब्रसेल्समध्ये युरोपियन युनियनने साखरेचं धोरण बदललं. त्या भागातला कारखाना बंद झाला. पुढे कधीतरी मी तोच नकाशा उघडला, तर गुलाबी रंग गायब! सगळीकडे गव्हाचा पिवळा. बीट लावू नका असं एकाही शेतकऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. दूर कुठल्या तरी मीटिंगमध्ये हात वर झाले आणि अख्ख्या तालुक्याचा रंग बदलला.

*

पण सगळ्यात भारी किस्सा पहिल्या वर्षीचा, प्रॉबर्टांच्या नाशपातींचा.

त्यांच्या आजोबांनी लावलेली जुनी झाडं, खाली गवतावर मेंढ्या. ही जात फळायला वीस-वीस वर्षं घेते. नियम असा की कुरणाला अनुदान मिळणार, दाट फळबागेला नाही. मी फोटोवर झाडं तीनदा मोजली. मर्यादेपेक्षा सात जास्त होती. आणि त्या कुरणाच्या अनुदानावरच त्यांच्या मेंढ्या टिकून होत्या.

विनोद हळूच म्हणाला, "सात झाडं दिसलीच नाही असं समज ना! आपल्याकडे सातबाऱ्यावरून अख्खी विहीर गायब होते."

खोटं कशाला बोलू, मोह झाला. पण फोन लावला. "सात झाडं पाडलीत तर कुरण नियमात बसेल. नाहीतर ते अर्जातून वगळावं लागेल."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "कोणती सात, ते सांगितलंय का त्यांनी?"

"नाही. कोणतीही चालतील."

"कोणतीही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मला दिवसभर कशातच लक्ष लागेना. पंधरा दिवसांनी सुधारित अर्ज आला. मार्गारेटसुद्धा उठून माझ्या टेबलाशी आली. कुरणाच्या ओळीवर पेनाने सरळ काट मारलेली होती. शेऱ्याच्या रकान्यात थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं:

"नकाशा कृपया दुरुस्त करावा. शनिवारी एक झाड आणखी लावलं आहे."