हात नसलेली देवी

चित्रकलेच्या शिक्षकाकडे किस्से कसे साठतात, हे गणिताच्या शिक्षकाला कळायचं नाही. त्यांच्याकडे उत्तर बरोबर असतं नाहीतर चूक. आमच्याकडे मूल चित्रासमोर उभं राहिलं की काय बोलेल याचा नेम नाही. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत मी ठाण्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत असे. दर हिवाळ्यात मुलांना मुंबईचं संग्रहालय दाखवायचं आणि मग शाळेच्या हॉलमध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं, हा माझा हट्ट. हेडमास्तर तो कसाबसा चालवून घेत.

*

पहिल्याच वर्षी संग्रहालयाच्या पायऱ्यांशी मुलांनी चपला काढल्या. आत देव आहेत म्हटल्यावर दुसरं काय करणार! रखवालदार म्हणाला, चपला घाला, इथे चालतं. मुलं माझ्याकडे बघू लागली. मीही घाला म्हटलं. तेव्हा पाचवीतल्या सुमनने हळूच विचारलं, "बाई, मग देवांना इथे ठेवलंय कशाला?"



*

संस्कृतचे शास्त्रीबुवा सोबतीला येत. माणूस मोठा प्रेमळ, पण यक्षिणींच्या दालनात त्यांची फार तारांबळ उडे. मुलांच्या आधी धावत जाऊन ते एकेका यक्षिणीपुढे उपरणं पसरून उभे राहत. सहलीनंतर मी आवडलेली मूर्ती काढायला सांगितली, तर काही मुलांनी शास्त्रीबुवाच काढले! त्यातलं एक चित्र बुवांनी मागून नेलं आणि घरी लावलं.

*

आमचं बघून डोंबिवलीच्या एका शाळेनेही प्रदर्शन भरवलं. पाहुणे म्हणून एक वयस्क चित्रकार येणार होते. त्यांनी आपली चित्रं आधीच पाठवली होती, त्यात स्वतःचं एक व्यक्तिचित्रही होतं. तिथल्या मुलींनी भक्तिभावाने त्याला झेंडूचा हार घातला आणि खाली उदबत्ती लावली.

चित्रकार आले, स्वतःच्या चित्रासमोर उभे राहिले. मग त्यांनी तो हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला.

"थोडी घाई झाली," म्हणाले.

*

हा शेवटचा मात्र आमच्याच हॉलमधला. त्या वर्षी मुलांना एक दगडी देवी फार आवडली होती. तिचा उजवा हात कोपरापासून तुटलेला. पण चित्रं हातात आली तर सगळ्यांच्या देवीला हात! खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात, मग ती कागदावर तरी कशी काढायची? कुणी त्या हातात कमळ दिलं, कुणी तलवार. खाडीकाठच्या एका मुलाने पापलेट दिलं.

एकट्या हिराने तुटलेला हात तसाच ठेवला होता. हिरा मिठागरावरच्या आगरी वस्तीतली. जन्मापासून तिचा उजवा हात कोपरापर्यंतच. डाव्या हाताने ती जे काढायची त्याला वर्गात तोड नव्हती. पण एवढी शाळा बस झाली, असं तिच्या वडिलांनी ठरवत आणलं होतं. निदान एकदा तिचं चित्र भिंतीवर बघा आणि मग ठरवा, असं मी त्यांना विनवलं होतं. प्रदर्शनाच्या सकाळी ते आले, दाराशीच उभे राहिले.

नेमके तेव्हाच हेडमास्तर फेरीला आले. म्हणाले, खंडित मूर्ती हॉलमध्ये नको. हात पुरा करायला सांगा, नाहीतर चित्र उतरवा. मला फार राग आला. माणूस वाईट नव्हता, त्यांनी मुलीकडे नीट पाहिलंच नव्हतं. चित्राशेजारी टाचण्या घेऊन उभ्या असलेल्या हिराला त्यांनी समजुतीने विचारलं, "हात काढायचा राहिला का गं, बाळ?"

हिराने एकदा दाराकडे पाहिलं.

"नाय सर. तिला तिथं मुंबईला कोनी हात बसवला नाय. तरी सगली तिलाच बगाला येतान."