निगुतीचे हात

प्रयोगशाळेत तिला सगळे निगुतीताई म्हणत. उंदराच्या यकृताचा वाटाण्याएवढा तुकडा ती थंड पाण्यात दोनदा धुऊन, टिपून, मगच गोठवायची. शेजारच्या टेबलावर तिची मैत्रीण, घाईबाई. तुकडा कापला की रक्ताबिक्तासकट तडक द्रव नायट्रोजनमध्ये. "अगं, त्याला नटवून कुठे पाठवायचंय?" ती चिडवायची.

दोघींचं काम पेशीतल्या एका एन्झाइमवर होतं. ऊर्जा आटली की ते जागं होतं, नवी चरबी बनणं बंद पाडतं आणि असलेली जाळायला लावतं. मोठा खमक्या कारभारी! एक नवं औषध त्याला जागं करतं का, एवढंच बघायचं होतं. दोघींनी काम वाटून घेतलं. औषध दिलेले उंदीर निगुतीताईकडे, न दिलेले घाईबाईकडे. निकालात जमीन-अस्मानाचा फरक आला. सर खूश झाले.

मग घाईबाईने दोन्ही गट एकटीने करून पाहिले. फरक काहीच नाही. सरांनी विचारलं, तेव्हा निगुतीताई सगळ्यांदेखत बोलून गेली, "तिच्या हाताला वळण नाही, सर. नुसतं काम उरकते."

घाईबाईच्या नेमणुकीची मुदत संपत आली होती, ती सरांनी वाढवली नाही.

पुढे दोन्ही गट निगुतीताईकडेच आले. औषध न दिलेल्या उंदरांतही एन्झाइम टक्क जागं होतं! कापलेल्या तुकड्याला रक्त मिळत नाही. ती निगुतीने धूत बसायची तेवढ्यात त्याची ऊर्जा आटायची, आणि एन्झाइम उठून बसायचं. तिने न धुता, झटपट गोठवून पाहिलं. सगळीकडे सामसूम. औषधात काही दम नव्हताच. तिला लाज वाटली, आणि मैत्रिणीची फार आठवण आली.

तिने फोन लावला. घाईबाई आता औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"माझे हात चांगले होते, हे मला माहीतच होतं गं. सरांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग आधी मला कशाला?"

निगुतीताईला खोटं सुचेना. "वाटलं, तू म्हणशील, जाऊ दे."

"नाही म्हणणार," घाईबाई म्हणाली, आणि फोन कानाला तसाच ठेवून तिने समोरच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "बोला, काय देऊ?"