बांधावर हसायला आलेले

रानशेतच्या थांब्यावर मी रोज डहाणूच्या एसटीची वाट पाहत उभी असायचे. समोरच एका बाईचं भातशेत होतं. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. लुगडं वर खोचून, काहीतरी गुणगुणत ती कामाला लागलेली असायची.

त्या वर्षी सगळे चिखलणीच्या, म्हणजे शेतात चिखल करून रोपं लावण्याच्या, पावसाची वाट पाहत होते. तिने मात्र चिखलणी करायचीच नाही असं ठरवलं. मातीचे गादीसारखे उंच, सपाट गादीवाफे केले, लोखंडी साच्याने भोकं पाडली आणि त्यांत भाताचे दाणे टाकायला लागली. बांधावर माणसं जमली. शेजारचा म्हातारा पोट धरून हसला, "काय गं सूनबाई, भात पेरतेस का भुईमूग?" तिची सासू तर रुसून घरात बसली.

न राहवून मी विचारलं, "मागच्या कोपऱ्यात करून बघायचं ना आधी. रस्त्याकडेला कशाला?"

ती खळखळून हसली. "मागं कोण येल बघाया, बाय? इथं हसाया तरी येतात. आले का बघून जातात."

श्रावणात पावसाने दडी मारली. चिखलणीच्या शेतांना भेगा पडल्या, तिचं भात मात्र हिरवंगार उभं होतं. म्हातारा पुन्हा बांधावर आला आणि वाकून तिच्या वाफ्यातली ओलसर माती चाचपत राहिला.

"बाबा, आत या की!" तिने हाक मारली. एव्हाना रुसवा सोडून शेतात यायला लागलेल्या सासूने सुनेकडे कौतुकाने बघत त्याला वाट करून दिली.

यंदा तो साचा घरोघर फिरला. रस्त्यालगत सगळीकडे गादीवाफेच आहेत. त्यांतलं तिचं शेत कोणतं, हे मला आता ओळखता येत नाही.